यूकेत कन्झ्युमर युनिट (घराचा मुख्य फ्यूज बोर्ड) बदलायचंय: चाचण्या कोणत्या, कागदपत्रं कोणती?

रेडिंगकर

घर इंग्लंडमध्ये, १९६०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड. जिन्याखाली लाकडी फळीवर जुना फ्यूज बोर्ड आहे, तारेचे फ्यूज असलेला. सर्किट सहा: वरचे दिवे, खालचे दिवे, सॉकेटची रिंग (बोर्डातून निघून बोर्डातच परतणारं सर्किट), कुकर, इमर्शन हीटर आणि मागाहून वाढवलेल्या स्वयंपाकघराची वेगळी लाइन. आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारं उपकरण) एकही नाही. अर्थ टीएन-सी-एस (पुरवठ्याच्या न्यूट्रलवरूनच मिळणारा) आहे, असं मीटरजवळच्या लेबलवरून दिसतं.

तीन इलेक्ट्रिशियनांची कोटेशनं आली आहेत. पहिला म्हणतो, एका दिवसात बोर्ड बदलतो, सर्टिफिकेट मागाहून ईमेल करतो. दुसऱ्याचं म्हणणं, आधी जुन्या वायरिंगची तपासणी, मग बोर्ड, आणि तपासणीचे पैसे वेगळे. तिसरा कुठल्याच स्कीममध्ये नोंदलेला नाही, पण 'मायनर वर्क्स' सर्टिफिकेट देतो म्हणतो.

काम झाल्यावर हातात नेमके कोणते कागद यायला हवेत? आणि चाचण्यांत काय काय यायला हवं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मुख्य_स्विच

तिसऱ्याला आधी बाद करा. मायनर वर्क्स सर्टिफिकेट हे असलेल्या सर्किटवर एखादा सॉकेट किंवा दिवा वाढवला तर द्यायचं. अख्खं कन्झ्युमर युनिट बदललं की प्रत्येक सर्किटचं संरक्षण बदलतं, म्हणून तिथे इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेटच लागतं. लोक त्याला ईआयसी म्हणतात. ज्याला हा फरक माहीत नाही त्याच्या हाती बोर्ड देऊ नका.

तुमच्या हातात दोन वेगळे कागद यायला हवेत आणि दोन्हींचं काम वेगळं आहे.

पहिला ईआयसी. हा काम करणारा देतो, बीएस ७६७१ या ब्रिटिश वायरिंग नियमांप्रमाणे. त्यात डिझाइन, उभारणी आणि तपासणी-चाचणी अशा तीन जबाबदाऱ्यांच्या सह्या असतात; तिन्ही एकाच माणसाने केल्या असतील तर एक सही चालते. सोबत तपासणीची यादी आणि चाचण्यांच्या आकड्यांचा तक्ता जोडलेला असलाच पाहिजे. नुसतं पहिलं पान म्हणजे ईआयसी नव्हे.

दुसरा बिल्डिंग रेग्युलेशन्स कम्प्लायन्स सर्टिफिकेट. पार्ट पी, म्हणजे इमारत नियमांतला घरगुती विजेचा भाग, जानेवारी २००५ पासून लागू आहे. इंग्लंडमध्ये २०१३ साली कळवण्याजोग्या कामांची यादी बरीच कमी झाली, पण कन्झ्युमर युनिट बदलणं त्या यादीत अजूनही आहे. तुमचा इलेक्ट्रिशियन एनआयसीईआयसी, नापिट अशा स्कीममध्ये नोंदलेला असेल तर तो काम स्वतःच प्रमाणित करतो, स्कीममार्फत कौन्सिलला कळवतो आणि ३० दिवसांत हा कागद तुम्हाला मिळतो.

नोंदणी नसलेल्या माणसाकडून कायदेशीरपणे काम करून घेता येतं, पण मार्ग दोनच. एक, काम सुरू होण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला अर्ज आणि फी. दोन, नोंदणीकृत थर्ड पार्टी सर्टिफायर. तोही काम सुरू होण्याआधी नेमावा लागतो आणि काम संपल्यावर ५ दिवसांत त्याला कळवावं लागतं. काम उरकून मग सर्टिफायर शोधायला निघालात तर कोणी सही करणार नाही, कारण भिंतीत आणि बोर्डाच्या मागे काय केलंय ते त्याने पाहिलेलं नसतं.

हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्समध्ये कळवण्याच्या कामांची यादी याहून मोठी आहे. स्कॉटलंडची पद्धतच वेगळी, तिथे पार्ट पी नाही.

अर्थिंग

वरचं सगळं बरोबर. मला पहिल्या आणि दुसऱ्या कोटेशनमधल्या फरकावर लिहायचंय, कारण खरी मेख तिथे आहे.

दुसऱ्याला काम द्या. तो जास्त पैसे मागत नाहीये, तो क्रम बरोबर सांगतोय. तारेच्या फ्यूजला गळती कळत नाही. न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असो, इन्सुलेशन उतरलेलं असो, दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असोत, जुना बोर्ड वर्षानुवर्षं सगळं निमूट चालवून घेतो. नवीन बोर्डात प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीडी आली की हेच दोष पहिल्या संध्याकाळी बाहेर पडतात. तोपर्यंत जुना बोर्ड कचऱ्यात, घरात अंधार आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, फॉल्ट शोधण्याचे तासाप्रमाणे वेगळे लागतील.

तुमच्या वयाच्या घरात काय सापडण्याची शक्यता आहे ते सांगतो.

उसना न्यूट्रल. जिन्यातला दिवा खालून आणि वरून लागतो ना? फेज खालच्या दिव्यांच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल वरच्या सर्किटमधून घेतलेला असतो, कारण त्या काळी तेवढी केबल वाचायची. आरसीबीओ, म्हणजे एका सर्किटपुरता आरसीडी आणि ब्रेकर एकत्र, आत जाणारा आणि परत येणारा प्रवाह मोजतो. जिन्यातला दिवा लावताच दोन्हींचा हिशेब चुकतो आणि दिव्यांचा आरसीबीओ पडतो. उपाय म्हणजे तो न्यूट्रल योग्य सर्किटवर आणणं. ते शक्य नसेल तर दोन्ही दिव्यांची सर्किटं एकाच आरसीबीओवर घेणं. दुसऱ्या उपायात एक ट्रिप झाली की घरभर अंधार होतो, पण उसना न्यूट्रल तसाच ठेवण्यापेक्षा ते बरं: वरचं सर्किट बंद करून काम करणाऱ्याला तो न्यूट्रल जिवंत सापडू शकतो.

दिव्यांना अर्थच नसणं. १९६६च्या आधीच्या वायरिंगमध्ये दिव्यांच्या सर्किटला अर्थची तार नसायची. तुमचं घर सीमेवरचं आहे, तेव्हा दोनचार स्विच उघडून बघायला सांगा. अर्थ नसेल तर धातूचे दिवे आणि धातूच्या स्विच-प्लेट काढून प्लास्टिकचे, दुहेरी इन्सुलेशनचे बसवायचे आणि बोर्डावर तशी ठळक सूचना लावायची. आरसीडी बसवली म्हणून धातूचं झुंबर चालतं असं नाही. फॉल्टमध्ये ते झुंबर जिवंत होतं आणि कोणी हात लावेपर्यंत तसंच राहतं.

बाँडिंग, म्हणजे धातूचे पाइप मुख्य अर्थला जोडणं. गॅस आणि पाण्याचे पाइप घरात शिरतात तिथे १० चौरस मिमीची हिरवी-पिवळी तार असली पाहिजे, मीटरनंतर ६०० मिमीच्या आत आणि पाइपला पहिला फाटा फुटण्याआधी. जुन्या घरांत ती अनेकदा ६ चौरस मिमीची असते किंवा स्वयंपाकघराच्या कपाटामागे क्लॅम्प गंजून सुटलेला असतो. टीएन-सी-एसमध्ये हे टाळता येत नाही. मुख्य अर्थ आणि बाँडिंग नीट केल्याशिवाय नवीन बोर्ड चालू करायचाच नाही.

रेडिंगकर

धन्यवाद दोघांनाही. जिन्यातला दिवा दोन्हीकडून लागतोच. पाण्याचा बाहेरून येणारा पाइप मात्र निळ्या प्लास्टिकचा आहे. तिथेही बाँडिंग लागतं का? आणि ही तपासणी म्हणजे ईआयसीआर, असलेल्या वायरिंगच्या स्थितीचा अहवाल, तोच का?

अर्थिंग

पाइप प्लास्टिकचा असेल आणि आतलं तांबं कुठेही जमिनीला टेकलेलं नसेल, तर बहुतेक नाही. पण नुसतं बघून ठरवू नका, मोजायला सांगा. वीज बंद ठेवून पाइप आणि मुख्य अर्थ टर्मिनल यांच्यामधला रोध घ्यायचा, मधले सगळे अर्थ जोड सोडवून. २३ किलोओहमच्या वर असेल तर तो पाइप बाहेरून जमिनीचं व्होल्टेज घरात आणणारा नाही. गॅसचा पाइप धातूचा असेल तर त्याला बाँडिंग हवंच.

पूर्ण ईआयसीआर केलाच पाहिजे असं नाही. जुन्या सर्किटांची कंटिन्युइटी, इन्सुलेशन, मुख्य अर्थ आणि बाँडिंग एवढं मोजलं तरी निर्णय घेता येतो. पण ईआयसीआर केला तर दोष कोडसकट लिहून मिळतात: सी१ म्हणजे आत्ता धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारावं, एफआय म्हणजे आणखी शोध घ्यावा. मग नवीन बोर्डाच्या कोटेशनमध्ये सी१ आणि सी२ची दुरुस्ती आधीच धरून घेता येते. बोर्ड बदलल्यावर ईआयसीऐवजी ईआयसीआर दिला तर मात्र घेऊ नका. तो अहवाल आहे, केलेल्या कामाची जबाबदारी त्यात कोणी घेत नाही.

मेगर_५००

चाचण्यांचा भाग मी लिहितो. क्रमाला कारण आहे: पुढची चाचणी सुरक्षित करता यावी म्हणून आधीची करायची.

वीज बंद करणं हीच पहिली पायरी, आणि ती नीट झाली पाहिजे. सर्व्हिस फ्यूजवरचं सील वितरण कंपनीचं असतं. फ्यूज काढायला त्यांना किंवा तुमच्या वीजपुरवठादाराला कळवायचं. मीटरनंतर १०० अँपिअरचा दोन पोलांचा आयसोलेटर आहे का बघा. नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या, पुढे कधीच सील तोडावं लागणार नाही. बंद केल्यावर कुलूप लावायचं आणि दोन टोकांच्या टेस्टरने खात्री करायची. टेस्टर आधी प्रुव्हिंग युनिटवर तपासायचा, मग लाइन, मग पुन्हा प्रुव्हिंग युनिटवर. नुसत्या निऑन स्क्रूड्रायव्हरवर विसंबणाऱ्याला थांबवा.

वीज बंद असतानाच्या चाचण्या:

कंटिन्युइटी. बाँडिंगच्या तारा आधी. १० चौरस मिमीच्या १० मीटर तारेचा रोध साधारण ०.०२ ओहम येतो. ०.०५च्या वर गेला तर क्लॅम्प किंवा जोड सैल आहे. मग प्रत्येक सर्किटचा आर१+आर२, म्हणजे फेज आणि अर्थ यांचा शेवटच्या टोकापर्यंतचा एकत्रित रोध. पोलॅरिटीही त्यातच कळते.

रिंग. हिच्यावर वेळ द्या. बोर्डाजवळ रिंगची दोन्ही टोकं सोडवून फेज ते फेज, न्यूट्रल ते न्यूट्रल, अर्थ ते अर्थ मोजायचं. समजा रिंग ६० मीटरची आहे, २.५ची केबल आणि आत १.५चा अर्थ. फेज ०.४४, न्यूट्रल ०.४४ आणि अर्थ ०.७३ ओहम येईल. अर्थ फेजच्या १.६७ पट, कारण तार बारीक. मग एका टोकाचा फेज दुसऱ्या टोकाच्या अर्थला असे उलटसुलट जोडून प्रत्येक सॉकेटवर मोजायचं. सगळीकडे ०.४४ अधिक ०.७३ भागिले ४, म्हणजे ०.२९च्या आसपास यायला हवं. एखाद्या सॉकेटवर ठळकपणे जास्त आलं तर तो रिंगमध्ये नाही, फाट्यावर आहे.

फेज ते फेज काहीच आलं नाही तर रिंग तुटलेली आहे. घरातले सगळे सॉकेट तरी चालतातच, म्हणून कोणाला पत्ता नसतो. पण आता एकेरी २.५च्या केबलला ३२ अँपिअरचं संरक्षण आहे, केबल तापेल आणि एमसीबी (फ्यूजच्या जागी येणारा ब्रेकर) पडणार नाही. तुटलेली जागा सापडेपर्यंत ते सर्किट २० अँपिअरवर आणायचं.

इन्सुलेशन. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर). फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी, आणि उपकरणं सोडवलेली असतील तर फेज-न्यूट्रलमध्येही. किमान १ मेगाओहम हा नापास-पासचा आकडा. सुस्थितीतल्या पीव्हीसी केबलवर याच्या शेकडो पट यायला हवं. २ किंवा ३ मेगाओहम आले तर पास म्हणून पुढे जाऊ नका, कारण शोधा: बाहेरचा ओला दिवा, इमर्शनचा जुना एलिमेंट, कुकरच्या जोडातला ओलावा. वायर बोर्डातून सोडवूनच मेगर मारायचा. आरसीबीओ आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) जोडलेले असताना मारला तर एक तर आकडा खोटा येतो, नाहीतर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जातं. डिमर, यूएसबी सॉकेट, बॉयलरचं कंट्रोलही आधी सोडवायचं.

वीज आल्यानंतरच्या:

झेडई, म्हणजे बाहेरून येणाऱ्या अर्थचा लूप. मेन स्विच बंद ठेवून मुख्य अर्थ तार टर्मिनलवरून सोडवून मोजायचं, नाहीतर गॅस-पाण्याचे पाइप समांतर वाट देतात आणि आकडा फसवा चांगला दिसतो. टीएन-सी-एसला वितरण कंपनी जास्तीत जास्त ०.३५ सांगते, टीएन-एसला (अर्थची वेगळी वाट असलेला पुरवठा) ०.८. मोजून झालं की तार आधी परत जोडायची, मगच मेन स्विच.

संभाव्य फॉल्ट करंट. झेडई ०.२० असेल तर २३० भागिले ०.२०, म्हणजे १.१५ किलोअँपिअर. एमसीबीची क्षमता ६ किलोअँपिअर असते, तेव्हा अडचण नाही, पण आकडा लिहायचा असतो.

झेडएस, म्हणजे झेडईसकट सर्किटचा पूर्ण अर्थ लूप, प्रत्येक सर्किटच्या शेवटच्या टोकाला. बी३२ एमसीबीला तक्त्यातली मर्यादा १.३७ ओहम. मोजताना वायर थंड असते म्हणून त्याच्या ८० टक्के धरायचे, म्हणजे १.१०. याच ८० टक्क्यांच्या हिशेबाने बी१६ला २.१८, बी६ला ५.८२. तुमच्या रिंगचं झेडई ०.१८ असेल तर झेडएस ०.१८ अधिक ०.२९, म्हणजे ०.४७. निवांत पास.

आरसीडी. बीएस ७६७१च्या २०२२च्या दुरुस्ती २ पासून एकच चाचणी सक्तीची आहे: ठरलेल्या ३० मिलिअँपिअरवर ३०० मिलिसेकंदांच्या आत पडली पाहिजे. पूर्वी पाचपट प्रवाहावर ४० मिलिसेकंद बघायचे. काही जण अजूनही बघतात, त्यात वाईट काही नाही. आणि शेवटी टेस्टचं बटण दाबून, मशीनच्या चाचणीनंतर.

हिरवापिवळा

बोर्ड कोणता घ्यावा हेही येऊ द्या. माझं मत: दोन आरसीडीत घर वाटणाऱ्या स्वस्त बोर्डाच्या वाटेला जाऊ नका, प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ घ्या. चार्जर, वॉशिंग मशीन, फ्रीज, टीव्ही हे सगळे चांगल्या स्थितीतही थोडी गळती देतात. नियम सांगतो की एका आरसीडीच्या मागची कायमची गळती तिच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपुढे जाऊ नये, म्हणजे ९ मिलिअँपिअर. तीनचार सर्किटं एका आरसीडीमागे टाकली की आकडा सहज तिकडे सरकतो, आणि मग कारण नसताना फ्रीज बंद पडतो.

टाइप एसी घेऊ नका, टाइप ए घ्या. एलईडी, इंडक्शन, इन्व्हर्टरची मोटर यांच्यामुळे गळतीत डीसी मिसळतं आणि टाइप एसी आंधळी होऊ शकते.

बोर्ड धातूचाच लागतो. घरातल्या कन्झ्युमर युनिटचं आवरण न जळणारं हवं, ही अट जानेवारी २०१६ पासून आहे. आत सैल राहिलेल्या जोडांमुळे प्लास्टिकचे बोर्ड पेटल्याच्या घटनांनंतर ती आली.

मुख्य_स्विच

दोन आरसीडीचा बोर्ड नियमबाह्य नाही हेही लिहायला हवं. बजेट तुटपुंजं असेल तर तोही आजच्या तारेच्या फ्यूजपेक्षा कितीतरी सुरक्षित. पण रेडिंगकरांच्या घरात जिन्यातला दिवा आहे, तेव्हा स्वतंत्र आरसीबीओला माझाही होकार.

धातूच्या आवरणाने अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं स्क्रू आवळण्याचं. बोर्ड बनवणाऱ्याने प्रत्येक टर्मिनलचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, दिलेला असतो, आणि तो टॉर्क-स्क्रूड्रायव्हरने मोजून लावायचा, मनगटाच्या अंदाजाने नाही. सैल राहिला तर जोड तापतो, कार्बन धरतो, इन्सुलेशन वितळतं. अति आवळला तर बारीक वायरचे धागे कापले जातात. बसबारच्या काट्यांवर खास लक्ष: एमसीबीच्या पिंजऱ्यात काटा न जाता मागे गेला तर वरून आवळलेला स्क्रू घट्ट लागतो, पण पकडत काहीच नाही. प्रत्येक वायर ओढून बघायची.

एका कंपनीच्या बोर्डात दुसऱ्या कंपनीचा एमसीबी बसतो म्हणून लावू नये. बोर्डाची चाचणी त्याच्याच भागांसह झालेली असते. मिसळला तर जबाबदारी लावणाऱ्याची.

आणि वरच्या बाजूला केबल आत येण्याची भोकं. वरच्या आडव्या पृष्ठभागावर १ मिमीची तारही आत जाऊ नये इतकं बंद हवं. वरून ठोकून काढलेलं भोक तसंच सोडलेलं तुम्हाला दिसलं तर पैसे देण्याआधी दाखवून द्या.

टेम्सकाठी

सर्ज प्रोटेक्टरबद्दल कोणी लिहिलं नाही. तो घ्यावाच लागतो का? आमच्या कोटेशनमध्ये न विचारता धरलाय.

मेगर_५००

दुरुस्ती २ नुसार धरलाय, बरोबर आहे. साध्या घरात तो टाळता येतो, पण त्यासाठी मालकाने सांगावं लागतं की उपकरणांचं नुकसान झालं तर मला चालेल आणि ती जोखीम माझी. ते सर्टिफिकेटवर लिहून घ्यायचं. बोर्डाच्या खर्चात टाइप २चा सर्ज प्रोटेक्टर फार मोठी रक्कम नाही, घ्या. त्याच्या वायर आखूड हव्यात, लांब वळसा घेतला तर त्याचा उपयोग कमी होतो. खिडकीत हिरवा रंग दिसतो तोवर तो कामाचा. लाल झाला की कार्ट्रिज बदलायची.

एएफडीडी (वायरिंगमधल्या ठिणग्या ओळखून वीज तोडणारं उपकरण) तुमच्या साध्या घरात सक्तीचं नाही, शिफारस आहे. उंच निवासी इमारती, अनेक कुटुंबांची भाड्याची घरं, विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि केअर होम यांत ३२ अँपिअरपर्यंतच्या सॉकेट सर्किटांना लागतं.

टेम्सकाठी

आमच्या छपरावर सोलर आहे, पुढे बॅटरीही घेणार आहोत. त्याचा बोर्डाशी काही संबंध?

मेगर_५००

मोठा संबंध आहे. सोलर किंवा बॅटरी असलेल्या सर्किटवर वीज दोन्ही दिशांनी वाहते. अनेक आरसीबीओ एकाच दिशेचे असतात, त्यांच्यावर 'इन' आणि 'आउट' किंवा 'लाइन' आणि 'लोड' असं छापलेलं असतं. तसा आरसीबीओ पडल्यावरही मागून वीज येत राहिली तर त्याची ट्रिपची कॉइल जळू शकते, आणि पुढच्या वेळी तो पडणारच नाही. २०२४च्या दुरुस्ती ३ मध्ये याचसाठी दोन्ही दिशांच्या उपकरणांचा नियम आला. तेव्हा त्या सर्किटला दोन्ही दिशांचाच आरसीबीओ हवा, हे कोटेशनमध्ये शब्दांत लिहून घ्या.

भाडेकरी_नाही_मालक

घर भाड्याने दिलंय. ईआयसीआर पाच वर्षांनी करतो. नवीन तपासनीस म्हणतो, बोर्ड प्लास्टिकचा आहे म्हणून नापास.

अर्थिंग

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांसाठी २०२०च्या नियमांनी किमान पाच वर्षांनी तपासणी सक्तीची केली, हे तुम्ही करताच. पण प्लास्टिक म्हणजे आपोआप नापास असं नाही. नवे नियम मागच्या कामाला लागत नाहीत. लाकडी जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर असेल तर सी३ देतात. सी३वर अहवाल समाधानकारकच राहतो. तापल्याच्या, वितळल्याच्या खुणा असतील, जोड सैल असतील तर सी२, आणि मग २८ दिवसांत दुरुस्ती. तपासनिसाला विचारा, कोड कोणता आणि कोणत्या निरीक्षणावरून. नुसतं प्लास्टिक हे निरीक्षण पुरेसं नाही.

कोथरूड_टू_केंट

पुण्यातल्या फ्लॅटची डीबीही बदलायची आहे. यातलं तिकडे काय लागू?

हिरवापिवळा

पार्ट पी, ईआयसी हे सगळं इथलं. तिकडे लायसन्स असलेल्या ठेकेदाराकडून काम करून त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्या, संदर्भ आयएस ७३२ या भारतीय वायरिंग मानकाचा. मेगर, कंटिन्युइटी, अर्थचा लूप, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची चाचणी यात मात्र काहीच बदलत नाही. रिंग तिकडे सहसा नसते, तेव्हा तो भाग सोडा.

रंगांकडे लक्ष असू द्या. तिकडे फेज लाल-पिवळा-निळा, न्यूट्रल काळा. इथल्या जुन्या घरांत फेज लाल आणि न्यूट्रल काळा. नव्या रंगांत फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळा, १ एप्रिल २००६ पासून सक्तीचे. रेडिंगकरांच्या बोर्डात जुने-नवे रंग एकत्र सापडतील. पुण्यात निळी वायर फेज असू शकते, इथे ती न्यूट्रल. रंगावर कधीच विसंबू नका, मोजा.

चौकस

आमच्या घरात आधीच्या मालकाने २०१७च्या सुमारास बोर्ड बदललाय, कागद एकही नाही. आता घर विकायचंय.

मुख्य_स्विच

विक्रीच्या टीए६ फॉर्ममध्ये १ जानेवारी २००५ नंतर झालेल्या विद्युत कामाची माहिती आणि सर्टिफिकेटं विचारतात, तिथे हे वर येणारच. आधी कौन्सिलकडे किंवा स्कीमकडे त्या पत्त्यावर नोंद आहे का विचारा. काम कळवलेलं असतं आणि कागद फक्त हरवलेला असतो असं बऱ्याचदा होतं, दुसरी प्रत मिळते. नोंद नसेल तर कौन्सिलकडून रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट घेता येतं, त्यासाठी ते बहुधा ईआयसीआर मागतील. वकील इन्डेम्निटी इन्शुरन्स सुचवतील. ते कायद्याच्या खर्चापुरतं आहे, वायरिंग सुरक्षित असल्याचं त्यातून काहीच कळत नाही. आणि इन्शुरन्स घ्यायचा विचार असेल तर कौन्सिलशी बोलण्याआधी वकिलाला विचारा, कारण कौन्सिलला कळवल्यावर ती पॉलिसी मिळत नाही.

आता कोणी जुन्या तारखेचं ईआयसी 'करून देतो' म्हणालं तर नको म्हणा. ज्याने काम केलं नाही त्याने ईआयसीवर सही करणं खोटं आहे.

रेडिंगकर

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला होकार कळवला. तपासणी पुढच्या आठवड्यात. ईआयसी हातात आल्यावर मी स्वतः काय बघू, म्हणजे आकडे खरे मोजलेत की भरलेत हे कळेल?

मेगर_५००

तक्त्यातल्या ओळी वाचा. प्रत्येक सर्किटला झेडएस ही बेरीज जुळली पाहिजे: झेडई अधिक आर१+आर२. मोजलेला झेडएस समांतर वाटांमुळे थोडा कमी येऊ शकतो, जास्त मात्र येऊ नये. झेडई ०.१८, आर१+आर२ ०.२९ आणि झेडएस ०.९० असं लिहिलं असेल तर कुठेतरी सैल जोड आहे किंवा आकडा मनाचा आहे.

रिंगच्या ओळीत फेज आणि न्यूट्रल जवळपास सारखे आणि अर्थ १.६७ पट. तिन्ही रकाने रिकामे असतील तर रिंग मोजलेलीच नाही. सगळ्या सर्किटांचा झेडएस एकच आकडा, आरसीबीओचा वेळ सगळीकडे नेमका तोच, असं दिसलं तर विचारा. खरे आरसीबीओ सारख्या कंपनीचे असले तरी काहीसे वेगळे वेळ देतात. इन्सुलेशनमध्ये 'दोनशेहून जास्त' किंवा 'पाचशेहून जास्त' असं सगळीकडे असणं ठीक, ती मीटरची मर्यादा असते.

जुन्या फ्यूजच्या जागी काय आलं तेही ताडून पाहा. दिव्यांच्या ५ अँपिअरच्या जागी ६, इमर्शनच्या १५च्या जागी १६, रिंग आणि कुकरच्या ३०च्या जागी ३२. कुकरची केबल ६ चौरस मिमी आहे का हे केबलच्या रकान्यात दिसेल. दिव्यांना ६ऐवजी १६ टाकला असेल तर कारण विचारा.

मग मीटरचा सिरियल नंबर, झेडई मोजलाय की विचारून लिहिलाय, मुख्य अर्थ १६ चौरस मिमी आणि बाँडिंग १०, आणि 'आधीच्या वायरिंगवरचे शेरे' हा रकाना. १९६०च्या घरात तो रकाना कोरा असेल तर मला सगळ्यात आधी तेच खटकेल. दिव्यांना अर्थ नसणं, जिन्यातल्या दिव्याचं काय केलं, प्लास्टिक पाइपचं मोजमाप, हे तिथे लिहिलेलं हवं.

रेडिंगकर

लिहून घेतलं. त्याला आत्ताच विचारतो की जिन्यातल्या दिव्याचा न्यूट्रल तपासणीत धरलाय का.

अर्थिंग

विचारा, आणि माळ्यावर चढण्याच्या दारापाशी केबल दिसत असेल तर तिथलं जंक्शन बॉक्सचं झाकणही त्याच दिवशी उघडायला सांगा. उसने न्यूट्रल बहुतेक वेळा तिथेच जोडलेले असतात, स्विचमध्ये दिसत नाहीत.